जपानचा फुटबॉल वस्तादांनी घडवला

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी दोन सामने झाले. मडगावला फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार आपल्यासाठी बंद झालं. त्याच दिवशी टोकियोत जपानने ब्राझीलला ३-२ असं हरवलं, तेही मध्यंतराला ०-२ मागे असताना. ब्राझीलच्या मुख्य संघावर जपानने मिळवलेला हा पहिलाच विजय. त्यानंतरचे कितीतरी दिवस माझ्या ओळखीच्या सगळ्या फुटबॉलवेड्यांत एकच वाद रंगला होता. एक गट म्हणत होता, जपानने १९९३मध्ये पैसा ओतला, जे-लीग ही व्यावसायिक लीग काढली, शंभर वर्षांचा आराखडा आखला आणि तीस वर्षांत फळं खाल्ली. आपणही लीग नीट चालवा, सगळं होईल. दुसरा गट म्हणत होता, आपली शरीरयष्टीच या खेळाची नाही, वर क्रिकेटने सगळं गिळलंय, त्यामुळे उगाच जपानशी तुलना करू नका. दोन्ही बाजू हिरिरीने बोलत होत्या आणि जपानबद्दल दोघांनाही फारसं काही ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे की जपानचा फुटबॉल १९९३मध्ये जन्मलाच नाही. तो १९२०च्या दशकात एका शाळेच्या मैदानावर आकाराला आला आणि तेव्हापासून त्याला धरून ठेवलं ते एका सवयीने: खेळून झालेल्या माणसाने शिकवायला उभं राहायचं आणि आपल्याला कळलेलं पुढच्याच्या हातात द्यायचं. लीग, पैसा, मैदानं हे सगळं त्या सवयीवर चढलेले मजले आहेत. पाया बघायचा असेल तर शिगेयोशी सुझुकी या माणसाची कारकीर्द बघावी लागते. १९०२ साली जन्मलेला हा खेळाडू १९२७मध्ये जपानसाठी खेळला, १९३०मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि १९३६मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला संघ घेऊन गेला. आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही. पण कोल्हापुरात ज्याला वस्ताद म्हणतात, तसा वस्ताद जपानी फुटबॉलला पहिल्यांदा लाभला तो त्याच्या पिढीत.

आधी हे किती खालून सुरू झालं ते बघू. १९१७मध्ये टोकियोत अतिपूर्वेच्या देशांच्या क्रीडास्पर्धा झाल्या. जपानतर्फे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा संघ उतरला, म्हणजे मास्तर होऊ घातलेली पोरं. चीनने त्यांना ५-० हरवलं. फिलिपिन्सने १५-२. पंधरा गोल! १९२१मध्ये जपानचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला, तोही इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९१९मध्ये चांदीचा चषक भेट म्हणून पाठवला म्हणून. चषक आला, आता तो द्यायला संघटना हवी, असा उलटा प्रवास. १९२१ला शांघायमध्ये दोन्ही सामने हरले, १९२३ला ओसाकात दोन्ही हरले, १९२५ला मनिलात दोन्ही हरले. १९२७मध्ये पुन्हा शांघाय. चीनकडून ५-१ मार खाल्ला आणि दोन दिवसांनी त्याच फिलिपिन्सला २-१ हरवलं. जपानच्या राष्ट्रीय संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि त्या संघात सुझुकी होता. तीन वर्षांनी टोकियोत फिलिपिन्सला ७-२ आणि चीनशी ३-३ बरोबरी; दोघांना मिळून अजिंक्यपद. त्या वेळी सुझुकी संघाचा प्रशिक्षक होता. २-१५पासून ७-२पर्यंत तेरा वर्षं लागली. या तेरा वर्षांत जपानकडे ना व्यावसायिक लीग होती, ना पुरस्कर्ते, ना दूरदर्शनचे हक्क. मग झालं काय?

झालं ते असं, की शिकवणारा भेटला. त्याचं नाव चॉ दिन. ब्रह्मदेशातून टोकियोच्या उच्च तंत्र विद्यालयात शिकायला आलेला विद्यार्थी. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, १९३७पर्यंत. म्हणजे जपानला फुटबॉलची बाराखडी गिरवायला लावणारा तरुण कागदोपत्री आपल्याच राज्यकारभारातला होता, हे माझ्या त्या दोन्ही गटांतल्या मित्रांना सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. सुझुकी टोकियोतल्या वासेदा विद्यापीठाच्या ज्या उच्च विद्यालयात खेळत होता, तिथे चॉ दिन शिकवू लागला. १९२३ आणि १९२४ अशी दोन वर्षं लागोपाठ त्या शाळेने उच्च विद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९२३च्या ऑगस्टमध्ये चॉ दिनचं फुटबॉल कसा खेळावा याविषयीचं पुस्तक निघालं. पुढच्याच महिन्यात, १ सप्टेंबरला, भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं. आणि हा परका विद्यार्थी गावोगावच्या शाळांत जाऊन शिकवत फिरला.

तो काय शिकवत होता? इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्याआधी जपानी पोरं चेंडू जोरात लाथाडायची आणि त्यामागे धावायची. चॉ दिनने चेंडू मारणं म्हणजे नेमकं काय ते सुटं करून दाखवलं. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला कुठे हवा, मारणाऱ्या पायाचा घोटा सैल की घट्ट, गुडघा चेंडूच्या वर की मागे, पायाच्या आतल्या बाजूने मारलं तर चेंडू जमिनीलगत का जातो. आणि मग त्या जमिनीलगतच्या छोट्या पासवर सगळा खेळ बांधायचा. ज्याने कधी मुलांना खेळ शिकवलाय त्याला यातली गोम कळेल. ‘जोरात मार’ हे सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे. ‘घोटा घट्ट धर, टाच किंचित पुढे काढ, आता मार’ हे शिकवणं आहे, कारण ज्याला ते सांगितलं तो उद्या दुसऱ्याला जसंच्या तसं सांगू शकतो. अंगातली कला माणसाबरोबर जाते. सांगता येणारी रीत मागे उरते. सुझुकीच्या पिढीला चॉ दिनकडून मिळालं ते हे दुसरं.

आणि सुझुकीने त्याचं पुढे काय केलं, यात माझा सगळा मुद्दा आहे. तो खेळून मोकळा झाला नाही. १९३०मध्ये जपानने पहिल्यांदा एखाद्या क्लबला पुढे न करता निवड करून संघ उभारला, त्यातले बहुतेक खेळाडू टोकियो इम्पीरियल विद्यापीठाचे, म्हणजे वासेदाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचे. त्यांना वासेदाच्या माणसाने घडवलं. आपल्याकडे एका पेठेच्या तालमीचा माणूस दुसऱ्या पेठेची पोरं घडवायला आनंदाने उभा राहील का? राहिला तर ती पोरं त्याचं ऐकतील का? हा प्रश्न मी कोल्हापूरकर म्हणून विचारतोय, आणि उत्तर मला ठाऊक आहे म्हणून विचारतोय.

सहा वर्षांनी बर्लिन. या वेळी संघ मुख्यतः वासेदाचा. सुझुकीच्या जोडीला मदतनीस होता शिगेमारू ताकेनोकोशी, १९२७च्या विजयातला त्याचा सोबती आणि टोकियो विद्यापीठाचा माणूस. बर्लिनला पोहोचल्यावर स्थानिक क्लबांशी सरावाचे सामने ठेवले आणि जपानी संघ हरला. हरण्याचं कारण डोळ्यांसमोर होतं. १९२५मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यापासून युरोपात बचावाला दोनऐवजी तीन बॅक ठेवायची पद्धत रुळली होती, आणि जपान अजून दोन बॅकवर खेळत होता. आता विचार करा. ऑलिम्पिक काही दिवसांवर आलंय. आयुष्यभर ज्या मांडणीने खेळलात ती चुकीची ठरलीय. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक काय म्हणतील? ‘आपला खेळ आपण खेळू.’ ऐकायला बरं वाटतं, स्वाभिमानी वाटतं. या मंडळींनी ते केलं नाही. ज्यांनी हरवलं त्यांच्याकडूनच मांडणी उचलली, तेवढ्या दिवसांत पोरांकडून घोटून घेतली आणि तीन बॅक घेऊन मैदानात उतरले.

४ ऑगस्ट १९३६. समोर स्वीडन. मध्यंतराला ०-२. दुसऱ्या डावात ताइझो कावामोतो, मग तोकुतारो उकोन, आणि पाच मिनिटं उरली असताना अकिरा मात्सुनागा. ३-२. स्वीडनच्या रेडिओवर स्वेन येरिंग समालोचन करत होता आणि त्याच्या तोंडून सारखं ‘जपानी, जपानी, अजून जपानी’ एवढंच निघत राहिलं; स्वीडनमध्ये ते शब्द पुढे दंतकथा झाले. जिकडे बघावं तिकडे आखूड बांध्याची पोरं. शरीरयष्टीचा मुद्दा मांडणाऱ्यांना मी अदबीने सांगू इच्छितो की त्या मुद्द्याचं उत्तर एकोणनव्वद वर्षांपूर्वी दिलं गेलंय. उंच, धिप्पाड स्वीडिश खेळाडूंपुढे जपानी उभे राहिले ते छोटे पास, सतत धावणं आणि काही दिवसांपूर्वी शिकलेला बचाव यांच्या जोरावर. ब्राझीलविरुद्धही ०-२चे ३-२ झाले, हा योगायोग खरा. पण योगायोग एवढाच आकड्यांचा आहे. दोन्ही वेळा बाकावर बसलेला माणूस कधीकाळी स्वतः जपानसाठी खेळलेला होता, हा योगायोग नाही.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू. तिच्यातही वजन आहे आणि ते मी टाळणार नाही.

पहिला आक्षेप सरळ आहे: स्वीडनवरच्या विजयानंतर तीनच दिवसांनी इटलीने याच जपानला ८-० चिरडलं. मग कसला वस्ताद आणि कसली परंपरा? आक्षेप खरा आहे. एक विजय म्हणजे पातळी नव्हे, आणि बर्लिनचा चमत्कार म्हणून जपानमध्येही तो सामना मिरवला जातो तेव्हा ८-० हळूच बाजूला सरकवला जातो. पण माझा दावा जपान १९३६मध्ये मोठा संघ होता असा नाहीच. इटलीने ते ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. त्यांच्यामागे व्यावसायिक क्लबांचं जग होतं आणि जपानमागे दोन विद्यापीठं. हार किती गोलांची झाली यापेक्षा ती हार कुणाच्या डोक्यात जाऊन बसली हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या संघाबरोबर असलेला ताकेनोकोशी पुढची कितीतरी वर्षं राष्ट्रीय संघाशी बांधलेला राहिला. आठ गोल खाल्लेला माणूस घरी बसला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो आपल्याकडे कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. १९३५मध्ये जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती कोरियातल्या केइजो संघाने, म्हणजे आजच्या सोलच्या. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. निकालाकडे बघून संघ निवडला असता तर बर्लिनला कोरियन खेळाडूंचा भरणा दिसला असता. प्रत्यक्षात मैदानावर उतरला एकटा किम योंग-सिक. त्याच ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या कोरियाच्या सोन की-जोंगला छातीवर जपानचं चिन्ह घेऊन उभं राहावं लागलं होतं. फुटबॉलमधला अन्याय तेवढा दिसला नाही इतकंच. ज्या परंपरेचं मी कौतुक करतोय ती साम्राज्याच्या सावलीत वाढली, विद्यापीठात जाऊ शकणाऱ्या थोड्या घरांतल्या मुलांची होती, आणि त्या साम्राज्याने त्या मुलांनाही सोडलं नाही. विजयी गोल मारणारा मात्सुनागा पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर युद्धात मारला गेला. उकोनही युद्धात गेला. त्याच संघातला तेइझो ताकेउची युद्ध संपल्यावर सैबेरियाच्या कैदेत मेला. इंग्लंडहून आलेला तो चांदीचा चषक युद्धासाठी धातू हवा म्हणून वितळवला गेला. हे सगळं माहीत असताना जपानच्या त्या काळावर आरती ओवाळणं मला शक्य नाही.

पण या आक्षेपाच्या पोटातच माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. किम योंग-सिकचं पुढे काय झालं? १९५४मध्ये दक्षिण कोरिया पहिल्यांदा विश्वचषकाला गेला, स्वित्झर्लंडला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता किम. आणि त्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कोरियाने हरवलं कुणाला? जपानला, टोकियोत, ५-१ आणि २-२. जपानच्या बाकावर तेव्हा ताकेनोकोशी होता. ज्ञान ज्याला नीट दिलं गेलं नाही, ज्याला दारातून कसंबसं आत घेतलं, त्यानेही ते नेलं आणि आपल्या देशात पेरलं. म्हणजे ही गोष्ट जपानी रक्ताची किंवा जपानी शिस्तीची नाही. बर्मी तरुणाकडून ती जपानी मुलांकडे गेली आणि जपानी संघातून कोरियन माणसाकडे. खेळलेला माणूस शिकवायला उभा राहतो तिथे खेळ मुळं धरतो.

युद्धानंतरची वर्षं वाईट होती आणि ती लपवून उपयोग नाही. १९५१मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने सुवर्ण घेतलं, जपान तिसरा. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, तर जपान पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरून परतला. १९५८चे आशियाई खेळ टोकियोत, घरच्या अंगणात. प्रशिक्षक कोण, तर बर्लिनमध्ये पहिला गोल मारणारा कावामोतो. आणि जपान हरला फिलिपिन्सकडून, मग हाँगकाँगकडून, गटातच गारद. एकेचाळीस वर्षांपूर्वी ज्या फिलिपिन्सने पंधरा गोल चढवले होते, तेच पुन्हा. त्या दिवशी टोकियोत कुणी म्हणालं असेल की आपल्या वस्तादांची विद्या संपली, तर ते बरोबरच होतं. जुनी विद्या खरंच संपली होती.

इथे तिसरा आक्षेप येतो: मग जपानला वाचवलं ते परदेशी माणसानेच ना? १९६०मध्ये जर्मनीहून डेटमार क्रामर आला म्हणूनच १९६४ला अर्जेंटिनावर विजय मिळाला आणि १९६८ला मेक्सिकोत कांस्यपदक. मान्य. क्रामर नसता तर हे झालं नसतं. पण तो आल्यावर काय घडलं ते नीट बघा. राष्ट्रीय संघातल्या वाढलेल्या खेळाडूंना त्याने सुरुवात करायला लावली ती पायाच्या आतल्या बाजूने चेंडू मारण्यापासून. चाळीस वर्षांपूर्वी चॉ दिनने जिथून सुरू केलं होतं तिथूनच. आणि त्या अपमानाने कुणी उठून गेलं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रामरला मुख्य प्रशिक्षक करून सगळा भार त्याच्यावर टाकला नाही. १९६२मध्ये मुख्य प्रशिक्षक केलं केन नागानुमाला. वय अवघं बत्तीस, हिरोशिमाचा, अणुबॉम्बमधून वाचलेला, १९५४मध्ये जपानसाठी खेळलेला. जोडीला शुनइचिरो ओकानो. परदेशी गुरू शेजारी उभा, जबाबदारी घरच्या तरुणाची. मेक्सिकोत यजमानांना २-० हरवून कांस्यपदक जिंकलं तेव्हा बाकावर नागानुमा होता. आपण परदेशी प्रशिक्षक आणतो तेव्हा त्याच्या शेजारी कुणाला उभं करतो? करार संपून तो विमानात बसतो तेव्हा त्याची वही कुणाकडे राहते?

उरतो सगळ्यात मोठा आक्षेप, जे-लीगचा. १९६८नंतर जपान पुन्हा ऑलिम्पिकला गेला थेट १९९६मध्ये आणि विश्वचषकाला १९९८मध्ये. तीस वर्षांचा दुष्काळ. वस्तादांची परंपरा इतकी थोर होती तर त्या तीस वर्षांत ती कुठे होती? आणि दुष्काळ संपला तो १९९३मध्ये लीग आल्यावर, हे तर उघडच आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. कंपन्यांच्या संघांतून खेळणारे कारकून विश्वचषक खेळू शकत नाहीत हे जपानने ती तीस वर्षं मोजून शिकलं. पैसा लागतो. व्यावसायिकता लागते. ज्यांना वाटतं की नुसत्या गुरुशिष्यपरंपरेवर आजचा फुटबॉल उभा राहील, ते चुकतात.

पण जे-लीग उभी कुणी केली? तिचा पहिला अध्यक्ष साबुरो कावाबुची. वासेदाचा विद्यार्थी, क्रामरच्या हाताखाली घासला गेलेला, १९६४मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध गोल मारणारा राष्ट्रीय खेळाडू. १९९७मध्ये पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर प्रशिक्षक बदलून ताकेशी ओकादाला बढती दिली तेव्हा महासंघाचा अध्यक्ष होता नागानुमा. ओकादाही वासेदाचा, ओकादाही जपानसाठी खेळलेला. त्याने संघाला पहिल्या विश्वचषकाला नेलं. आणि ब्राझीलला हरवणारा हाजिमे मोरियासू? १९९३मध्ये दोहाला इराकशी शेवटच्या क्षणी बरोबरी होऊन विश्वचषक हुकला, तेव्हा तो मैदानावर होता. म्हणजे ज्या लीगला आपण पाया समजतो, ती बांधणारे हात त्या जुन्या तालमीतलेच. मोठा पैसा आला तेव्हा तो कुठे घालायचा हे ठाऊक असलेली माणसं आधीपासून तयार होती. त्यांनी क्लबांना युवा संघ बंधनकारक केले, मुख्य प्रशिक्षकाला वरच्या दर्जाचा परवाना सक्तीचा केला. लीग काढताना त्यांना पहिला विचार शिकवणाऱ्यांचा सुचला, कारण ते स्वतः शिकवलेले होते.

यावर एक उदाहरण असं आहे की दुसरं द्यायची गरज पडू नये. झिको. थोर ब्राझिलियन खेळाडू. १९९१मध्ये तो जपानला काशिमाला आला, तिथे खेळला, शिकवत राहिला, पुढे २००२ ते २००६ जपानचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. आजही काशिमात त्याची शिकवण म्हणजे क्लबची घटना. हाच झिको २०१४मध्ये आपली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवाचा प्रशिक्षक होता, तीन हंगाम. गोव्यात त्याच्यावर प्रेम कमी झालं नाही, मैदानं भरली, २०१५ला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. माणूस तोच, विद्या तीच. मग त्या तीन वर्षांचं गोव्याच्या मातीत काय उरलं? पाणी दोन्हीकडे पडलं. काशिमात ते धरून ठेवायला बांध होते.

आणि आपल्याकडे विद्या नव्हती असं कुणी म्हणू नये. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर होते. १९५१चं सुवर्ण, मेलबर्नचा चौथा क्रमांक, १९६२चं जकार्तातलं सुवर्ण ही सगळी त्यांची कमाई. त्या जकार्तात गटातल्या सामन्यात आपण जपानला २-० हरवलं. जून १९६३मध्ये रहीमसाहेब कर्करोगाने गेले. जपानचा नागानुमा तेव्हा नुकताच बाकावर बसू लागला होता. रहीमसाहेबांचा अनुभव पाटीवर, वहीत, चार शिष्यांच्या डोक्यात सांभाळून ठेवण्याचं काम कोणत्या संस्थेने केलं?

१९६९मध्ये फिफाने आशियातला पहिला प्रशिक्षण वर्ग जपानमध्ये भरवला, शिकवायला क्रामर. तिथे शिकायला गेलेल्यांत आपले पी. के. बॅनर्जी होते. पुढच्याच वर्षी, १९७०ला बँकॉकच्या आशियाई खेळांत ते आणि जी. एम. एच. बाशा भारताच्या बाकावर होते आणि कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने जपानला १-० हरवलं. जपानमध्ये शिकून येऊन जपानला हरवलं! आशियाई खेळांत फुटबॉलमध्ये भारताला मिळालेलं ते शेवटचं पदक. पंचावन्न वर्षं झाली. पी.के. थोर प्रशिक्षक होते आणि त्यांनी कोलकात्याच्या क्लबांसाठी जिवाचं रान केलं. पण त्या वर्गातून शिकून आलेल्या माणसाला हाताशी धरून देशभर शे-दोनशे प्रशिक्षक तयार करावेत हे आपल्याला सुचलं नाही. आपण त्यांच्याकडून करंडक मागत राहिलो.

म्हणून फातोर्डाच्या पराभवानंतर ‘लीग कधी सुरू होणार, प्रक्षेपणाचे हक्क कुणाला, परदेशी खेळाडू किती’ एवढ्यावरच सगळी चर्चा झडली, याचा मला त्रास झाला. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण गेल्या वीस वर्षांत भारतासाठी खेळून निवृत्त झालेले जे शेकडो खेळाडू आहेत, त्यातले आज कितीजण बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर शिट्टी घेऊन उभे आहेत? जे उभे आहेत त्यांना महिन्याला काय मिळतं? परवान्याच्या वर्गाची फी त्यांनी कुठून भरली? हे आकडे कुठल्याच चर्चेत कुणी मागितले नाहीत.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. ही नावं कुस्तीची आहेत. तालमीत जो लढायचा थांबला तो वस्ताद झाला. लंगोट खुंटीला टांगला तरी पहाटे हौद्याच्या कडेला बसून पोरांचा डाव सुधारण्याचं काम सुटत नसे. फुटबॉल त्याच तालमींत आला, पण वस्तादाची जागा काही त्याच्याबरोबर पुरती आली नाही. शाहू स्टेडियमवर सामन्याला हजारोंनी गर्दी होते, ढोल वाजतात, ईर्ष्या एवढी की पोलिस बंदोबस्त लागतो. आणि सकाळी सातला एखाद्या शाळेच्या मैदानावर जाऊन बघावं, तर वीस पोरं, दोन चेंडू आणि सांगायला कुणी नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मैदानावर मी एक गृहस्थ पाहिले. साठी उलटलेली, पायजमा, पायात चपला. कधीकाळी एका तालमीकडून खेळायचे. फिरायला आले होते, कठड्यावर बसले होते. एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा भिंतीवर चेंडू मारत होता आणि दर वेळी तो हवेत उडत होता. दोन-चारदा बघून ते उठले, चप्पल काढली, पोराजवळ उकिडवे बसले आणि त्याचा उजवा घोटा दोन्ही हातांत धरून किंचित बाहेर वळवला. ‘हितं घट्ट धर. डावा पाय चेंडूच्या बाजूला टाक. बघ की तिकडं, चेंडूकडं बघ. हां, आता मार.’ चेंडू जमिनीलगत सरळ गेला आणि भिंतीवर आपटून सरळ परत आला. पोराने पुन्हा मारला. पुन्हा सरळ. मग बाकीची पोरं खेळ थांबवून भोवती जमली. मी त्यांना विचारलं, रोज येता का शिकवायला? ते म्हणाले, ‘न्हाई हो, बोलावलं कुणी?’